ठमीआत्या आणि तडिताचा सहावा भाग

ठमीआत्याचा जन्म मिठागरातला. लग्न मिठागरातच काम करणाऱ्या बाळाजीशी झालं आणि विसाव्या वर्षापर्यंत तिच्या तळपायांना खाऱ्या पाण्यानं अशा भेगा पडल्या की त्या अजून भरलेल्या नाहीत. मिठागरं बंद झाल्यावर तिनं हायवेच्या कडेला बसून वालाच्या शेंगा आणि ताडगोळे विकले, दोन मुलं वाढवली. आता ती सत्तरीला टेकलीय. बाळाजीकाका जाऊन सहा वर्षं झाली. मोठा मुलगा निकेत ट्रेलर चालवतो, तिच्याजवळच राहतो.

आमच्या शेंडखारमध्ये तिची ओळख एकच, ती कुणाच्या भांडणात पडत नाही. बायका नळावर कुणाविषयी बोलायला लागल्या की ती हंडा उचलून चालू लागते. लोक म्हणायचे, बाई देवासारखी आहे. मी बारा वर्षांपूर्वी लग्न होऊन या गावात आले, तेव्हापासून मीही तेच म्हणत होते.

माझं नाव पूनम. अंगणवाडीत सेविका आहे. माझा दीर ऋत्विक पेणला कॉलेजात शिकतो. त्याला ‘तडिता’ या मालिकेचं वेड लागलं होतं. गोष्ट बेचाळीस सालच्या मुंबईतली. तडिता दिवसा कापडाच्या कंपनीत टाइपिस्ट असते आणि चोरून भूमिगतांचे निरोप पोचवते. तिच्या अंगात वीज आहे. कुठल्याही धातूच्या वस्तूला हात लावला की ती वस्तू कुणाच्या हातात होती आणि तेव्हा काय बोलणं झालं ते तिला कळतं. ऋत्विक आधी मोबाइलवर बघायचा. मग त्यानं ते टीव्हीला जोडलं आणि रविवारी दुपारी जेवणं उरकली की आमच्या ओटीवर माणसं जमायला लागली.

भाग संपला की टीव्ही बंद करायचा आणि प्रत्येकानं काहीतरी बोलायचं, असा ऋत्विकचा नियम होता. त्याच्या कॉलेजच्या ग्रुपवर मुलं रात्रंदिवस त्यावर वाद घालायची आणि आमची मतं तो तिथे लिहायचा. ठमीआत्या भिंतीला टेकून बसायची. एवढ्या मारामारीत त्या बाईचा अंबाडा सुटत कसा नाही, हे तिनं एकदा विचारलं होतं आणि त्यावर म्हणे ग्रुपवर चाळीस जणांनी उत्तरं दिली.

दयारामभाऊही यायचे. पन्नाशीचे असतील. स्वतःचे दोन ट्रक, घर गावाबाहेर खाडीच्या बांधाजवळ, घरात बायको आणि म्हातारी आई, गोदूबाई. ते मालिकेतल्या जुन्या मोटारी बघायला येतात असं सांगायचे. बोलायची वेळ आली की ‘गाडी चांगली दाखवली’ एवढं म्हणायचे आणि चप्पल घालायचे. त्यांच्या घराविषयी गावात काहीतरी जुनं आहे, एवढं माझ्या कानावर होतं. विचारलं की सासूबाई विषय बदलायच्या.

सहावा भाग आम्ही फेब्रुवारीत बघितला. त्यात भूमिगतांचा पुढारी पकडला जातो. खबर कुणी दिली, हे शोधणं सुरू होतं. संशय एका शिंप्यावर येतो, कारण त्याला पोलीस चौकीतून बाहेर पडताना कुणीतरी बघितलेलं असतं. त्याला साथीदार मारतात, त्याच्या दुकानावर कुणी जात नाही. शेवटी तडिता तिच्या घरमालकिणीकडून खोलीची चावी घेते आणि चावी हातात येताच तिला सगळं ऐकू येतं. खबर घरमालकिणीनं दिलेली असते. तिचा मुलगा पोलिसांच्या ताब्यात असतो, त्याला सोडवायला. तडिता म्हातारीकडे बघते, चावी कमरेला खोचते आणि काही न बोलता जिना चढते. तिथे भाग संपला.

ऋत्विकनं टीव्ही बंद केला. तो चिडला होता. म्हणाला, तडितानं तिथल्या तिथे तोंड उघडायला हवं होतं, ग्रुपवर सगळे हेच म्हणतायत. मी म्हटलं, त्या बाईच्या पोटचं पोर होतं, तिनं काय करायचं होतं. तो म्हणाला, वहिनी, खबर दिली ते एक वेळ समजू शकतो, पण शिंपी मार खात असताना ती खिडकीतून बघत होती, त्याचं काय? मी परत काहीतरी बोलले. आमचं चांगलंच जुंपलं.

तेवढ्यात दयारामभाऊ बोलले. आवाज चढवला नव्हता, पण आम्ही दोघंही थांबलो.

“शिंप्याच्या पोराचा काय झाला ते दाखवला न्हाय.”

ऋत्विक म्हणाला, शिंप्याला मुलगा आहे असं कुठं दाखवलंय?

“असंल ना. एवढा मोठा मानूस, पोर असंलच.” मग ते जमिनीकडे बघत सांगायला लागले. त्यांनी सांगितलं ते असं. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी आमच्या मिठागरांत संप झाला होता. पुढारी होते दादू पाटील. पोलीस मागावर होते म्हणून दादू खाडीतल्या तिवरांच्या झाडीत, एका जुन्या होडीत लपले होते. ही जागा गावातल्या पाच-सहा घरांनाच ठाऊक होती. एका सकाळी पोलीस सरळ त्या होडीपाशी गेले. दादूंना इतकं मारलं की त्यांचा एक पाय जन्माचा अधू झाला. संप मोडला. गाव खबऱ्याला शोधायला लागलं. आदल्या दिवशी दयारामभाऊंचे वडील नामा पोलीस चौकीबाहेर दिसले होते. ते हरवलेल्या बैलाची तक्रार द्यायला गेले होते. कुणी विश्वास ठेवला नाही. गावकीनं नामाचं घर वाळीत टाकलं.

“नऊ वर्सं,” दयारामभाऊ म्हणाले. “मी पाच वर्साचा व्हतू. शालंत माझ्या बाजूला कोन बसंना. आजी मेली तं खांदा द्यायला मानूस न्हाय. तला गावावरनं मामा आला, त्यानं नि बाबानं बैलगाडीत घालून नेली. दलन दलायला आई पेनपर्यंत चालत जायची. नऊ वर्सांनी बाबाला देवलात सगल्यांच्या पाया पडाया लावला, मंग घेतला गावात. न केलेल्या गोष्टीसाठी पाया पडला तो. त्याच्यानंतर दोन वर्सांत गेला.”

ते उठले. चप्पल शोधायला लागले.

ठमीआत्या भिंतीला टेकूनच बसली होती. तिनं पदराचं टोक तोंडावर दाबून धरलं होतं. मला वाटलं, तिला बरं नाही. मी पाणी आणायला उठले.

“दयाराम, बस,” ती म्हणाली.

“जातू काकी. गाडी काढायची हाय.”

“बस बाला. खबर मी दिली.”

ते दारातच उभे राहिले. त्यांना पहिल्यांदा कळलंच नाही. कुणाची खबर, असं त्यांनी विचारलं.

“दादूची. होडीची जागा मी सांगितली फौजदाराला. तुझा बाप न्हाय. मी.”

ठमीआत्यानं सगळं एका दमात सांगितलं, पाठ केल्यासारखं. बाळाजीकाकांना पोलिसांनी आधीच धरून नेलं होतं. तीन दिवस पत्ता नव्हता. ती तेव्हा बावीस वर्षांची, पोटात निकेत. चौथ्या दिवशी फौजदार मिठागराच्या बांधावर आला आणि म्हणाला, दादू कुठाय ते सांग, संध्याकाळी नवरा घरी येईल. नाही सांगितलंस तर तुझ्या पोराला बाप दिसणार नाही. तिनं तिवरांकडे बोट दाखवलं. बाळाजीकाका खरंच दुसऱ्या संध्याकाळी घरी आले. आणि गावकीच्या बैठकीत नामाला वाळीत टाका, असं सगळ्यात आधी बोलले ते बाळाजीकाकाच.

“त्यांना ठाव नव्हता,” ती म्हणाली. “मरंपर्यंत न्हाय. मी बाजूला बसली व्हती. तोंड उघडला न्हाय.” मग जरा थांबून ती म्हणाली, “तुझी आई एकदा चुलीला निखारा मागाया आली माझ्या दारी. मी दार लावून घेतला.”

दयारामभाऊंचा हात दाराच्या चौकटीवर होता. त्यांची बोटं आवळलेली मला दिसत होती. एक क्षण मला भीती वाटली की हा माणूस आता म्हातारीवर धावून जाईल. ऋत्विकलाही तसंच वाटलं असावं, कारण तो उठून दोघांच्या मध्ये उभा राहिला. पण दयारामभाऊंनी एवढंच विचारलं, आज का सांगितलं? ती म्हणाली, आज तू शिंप्याच्या पोराचं विचारलंस. सत्तेचाळीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

“मना सांगून काय,” ते म्हणाले. “आई जित्ती हाय. तिला सांग.”

आणि ते तिच्यासाठी न थांबता चालायला लागले.

ठमीआत्या उठली. मी तिचा हात धरला. भर दुपार होती. आमच्या घरापासून बांधापर्यंत दहा मिनिटांची वाट, पण ती मध्ये तीनदा थांबली. परत फिरूया का, असं मी विचारलं. ती पुढं निघाली. दयारामभाऊ बरेच पुढे होते. त्यांनी एकदाही मागं वळून बघितलं नाही.

गोदूबाई पडवीत बसून तांदूळ निवडत होती. दयारामभाऊंनी तिला काही सांगितलेलं नसावं, कारण ठमीआत्याला बघून ती बुचकळ्यात पडली. इतक्या वर्षांत ही बाई त्या घरी आली नव्हती. वाळीत टाकणं संपल्यावरही नाही. ठमीआत्या अंगणातच उभी राहिली आणि तिनं तेच सगळं परत सांगितलं. या वेळी ती मध्ये मध्ये अडत होती. मधले शब्द मलाच सांगावे लागले.

गोदूबाईनं पूर्ण ऐकलं. सूप बाजूला ठेवलं. मला वाटलं रडेल, शिव्या देईल. तिनं तसं काही केलं नाही. निखाऱ्याचं ऐकल्यावर तिनं फक्त एकदा डोळे मिटले.

“माझ्या अंगनात सांगून मी काय करू?” ती म्हणाली. “वालीत टाकला तवा सगला गाव देवलात व्हता. तिथं सांग.”

ठमीआत्यानं तिच्या पाया पडायला वाकायचा प्रयत्न केला. गोदूबाईनं पाय मागं घेतले.

पुढचे तीन आठवडे वाईट गेले. घरी येऊन ठमीआत्यानं निकेतला सांगितलं आणि निकेत माझ्यावर आणि ऋत्विकवर उसळला. तुमच्या त्या टीव्हीनं माझ्या आईचं डोकं फिरवलं, असं तो दारात येऊन बोलला. बापाचं नाव मातीत जाणार, गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, आईनं देवळात पाऊल टाकलं तर मी घर सोडेन, असंही म्हणाला. त्याचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. या गावात वाळीत टाकण्याची भीती माणसाच्या हाडात असते. आता तसं टाकणं कायद्यानं गुन्हा आहे, अंगणवाडीच्या भिंतीवर मीच तसा कागद चिकटवलाय, पण कागद वाचून कुणाची भीती गेलेली मी बघितली नाही. ऋत्विकनं ग्रुपवर सहाव्या भागाविषयी एक अक्षर लिहिलं नाही. ठमीआत्या जेवेनाशी झाली. मी रोज पेज घेऊन जायचे. ती दोन घोट घ्यायची आणि विचारायची, बैठक कधी आहे?

चैत्रातल्या पालखीच्या आधी देवळात गावकीची बैठक असते. बायका सहसा मागं बसतात. ठमीआत्या पुढं गेली. निकेत घर सोडून गेला नव्हता. खांबाआड उभा होता. गोदूबाईला दयारामभाऊंनी खुर्चीवर आणून बसवलं होतं. जुन्या पंचांपैकी दोघंच जिवंत, तेही खाली माना घालून बसलेले.

ती बोलली. आमच्या ओटीवर बोलली त्यापेक्षा कमी शब्दांत, पण दादूंचं, नामाचं आणि बाळाजीकाकांचं नाव घेऊन. नवऱ्याला ठाऊक नव्हतं, त्याला दोष देऊ नका, असं तिनं दोनदा सांगितलं. मग मागून एकजण म्हणाला की ज्याच्यासाठी नामाला वाळीत टाकलं, त्याच्यासाठी हिलाही टाकायला पाहिजे. दोघं-तिघं त्याला हो म्हणाले. निकेत खांबाआडून पुढं आला. आता मारामारी होणार, असं मला वाटलं.

दयारामभाऊ उठले. ते म्हणाले, “वालीत कुनालाच टाकायचा न्हाय. मी नऊ वर्सं राहून बघितलाय. ज्याला टाकायचा हाय त्यानं आधी माझ्या आईच्या समोर येऊन बोलावा.”

कुणी पुढं आलं नाही. मग त्या दोन पंचांपैकी एकजण, काठी टेकत, गोदूबाईच्या खुर्चीपाशी गेला आणि वाकला. दुसराही गेला. त्यांच्यामागं माणसं रांगेनं उठायला लागली. गोदूबाई समोर बघत बसली होती, कुणाला आशीर्वाद देत नव्हती, कुणाला थांबवतही नव्हती. त्या वर्षी पालखी पहिल्यांदा तिच्या अंगणात थांबली.

सगळं गोड झालं, असं मात्र नाही. दादूंच्या घरचे ठमीआत्याशी बोलत नाहीत. ते बोलतील असं तिलाही वाटत नाही. निकेतला माझ्याशी बोलायला दोन महिने लागले. गोदूबाई तर ठमीआत्याकडे बघतही नाही, वाटेत समोर आली तरी.

मे महिन्यात ऋत्विकनं राहिलेले भाग परत लावले. पहिल्या रविवारी ठमीआत्या आली, नेहमीच्या जागी बसली. दयारामभाऊ उशिरा आले आणि दाराजवळ बसले. सातव्या भागात तडिता एका पुलाखाली कुणाशी तरी झुंजते आणि जिंकते. भाग संपल्यावर ऋत्विकनं टीव्ही बंद केला, पण बोला असं कुणाला म्हणायची त्याची हिंमत होईना.

ठमीआत्या आपणहून म्हणाली की तो शिंपी या भागात कुठं दिसला नाही. दयारामभाऊ म्हणाले, पुढच्यात दिसेल. मी चहा ठेवायला आत गेले.