भाऊजींच्या हाताची पाठ

आमचे भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, चहाचा कप आधी हाताच्या पाठीला लावून बघत आणि मगच ओठाला. चहा मी केलेला, त्यांच्यासमोर गॅसवरून उतरवलेला, तरी. "भाऊजी, वाफ दिसतेय ना?" म्हटलं की म्हणत, "वाफ काय वहिनी, कोणीही काढून दाखवेल." वाफ कोण काढून दाखवतं हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांच्याकडे नाव तयार असतं.

ग्वाल्हेरला किला गेटच्या आमच्या गल्लीत त्यांना सगळे 'शक्की साहब' म्हणायचे, तेही तोंडावर. एकदा सुनेला नथ घ्यायची म्हणून मला सराफ्यात घेऊन गेले. सराफाने नथ दाखवली, शिक्का दाखवला, कागद दाखवला. भाऊजींनी ते सगळं बाजूला सारलं आणि विचारलं, "भाई साहब, आपकी बहू की नथ किस दुकान की है?" सराफ हसला, तसे हे उठलेच. मला म्हणाले, "हसला म्हणजे दुसऱ्या दुकानाची." शेवटी बिचाऱ्याने घरून सुनेला बोलावून घेतलं. ती तशीच नथ नाकात घालून आली, तेव्हा कुठे आमची नथ घेतली गेली. मी मात्र मान वर करून त्या पोरीकडे बघू शकले नाही.

पण एक जागा अशी होती की तिथे गावाला त्यांचा हा संशयच हवा असायचा. आमच्या ग्वाल्हेरात नवरदेव घोडीवर बसतो, त्यामुळे गावात घोडे थोडे आणि घोड्या फार. संक्रांत झाली की हजिरा मोहल्ल्यापलीकडच्या मैदानावर त्यांची शर्यत लागते. फक्त माद्या पळतात, मध्ये गवताचे भारे बांधून अडथळे केलेले असतात. पूर्वी एकदा एक दुखऱ्या पायाची घोडी अडथळ्यावर कोसळली आणि स्वार तिच्याखाली आला. त्या माणसाला मी नंतर काठी घेऊन चालताना बघितलंय. तेव्हापासून परीक्षक नेमला गेला, आणि परीक्षक म्हणजे भाऊजी. ते 'पास' म्हणाले तरच घोडी मैदानात.

भाऊजी परीक्षा घेत ती चोर पकडल्यासारखी. "हिच्या खुरांना आज तेल लावलंय. काल का नाही लावलं?" "ही अबलख बघा वहिनी, अडथळ्याकडे बघतच नाही. माहीत आहे तिला, मालकाला माहीत नाही." एखादी तरुण म्हणून आणलेली असली की ओठ वर करून दात बघत आणि मालकाला म्हणत, "हिच्या लग्नात तुम्ही लहानपणी जेवलेले दिसता." मुन्नेभाई आमच्याच गल्लीतले, त्यांची पांढरीशुभ्र नूरी म्हणजे गावातल्या निम्म्या वरातींची घोडी. तिच्याकडे बघून भाऊजी म्हणाले, "ये बैंड के बिना नहीं हिलेगी." मुन्नेभाई म्हणाले, "साहब, बैंड मैं मुँह से बजा लूँगा."

आणि सगळ्यात शेवटी हात. चारी पायांवरून वरपासून खालपर्यंत हाताची पाठ फिरवायचे, डोळे मिटून. मी एकदा विचारलं, तळहाताने का नाही? म्हणाले, "तळहात राठ असतो वहिनी, आणि लाचारही. जे धरायचं ठरवलंय तेच त्याला कळतं. पाठीला कशाचीच हाव नाही."

एवढ्या सगळ्यातून एकच घोडी सुटलेली होती, ती म्हणजे आमची मैना. आमचं घराणं शिपाईगिरीचं. घोडदळ गेलं, जमिनी गेल्या, मागच्या अंगणात एक घोडी तेवढी राहिली. आणि राहिली एक रीत. दसऱ्याला जिला हळदकुंकू लावलं, तिची परीक्षा घ्यायची नाही. जिच्यावर बसून लढाईला जायचं तिच्यावर संशय धरला तर माणूस अर्धा तिथेच मेला, असं सासरे सांगत. तेव्हा सगळ्या जगाला तपासणारा हा माणूस मैनेजवळ आला की नुसता तिच्या कपाळाला हात लावायचा आणि 'पास' म्हणायचा. गावालाही सवय झालेली.

त्या वर्षी मैनेवर सायली बसणार होती, भाऊजींची नात. पुण्याला नोकरी लागलेली, ही तिची शेवटची शर्यत. महिनाभर पोरगी पहाटे उठून सराव करत होती. शर्यतीच्या सकाळी मी मैनेला गूळ द्यायला गेले, तर ती पुढचा एक पाय जरा पुढे टाकून, त्याच्यावर भार न देता उभी. घोडी मागचा पाय सैल सोडते, ते नेहमीचं. पुढचा नाही. एवढी वर्षं भाऊजींची बडबड ऐकून एवढं मला कळतं. पाय एकदा बघून घ्या, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी देव्हाऱ्यातला देव खरा का म्हणून विचारलं. "घरच्या घोडीवर, वहिनी?"

मला ते बरं नाही लागलं. मैदानावर मी मुद्दाम पुढे जाऊन उभी राहिले. मैना आली. भाऊजींनी कपाळाला हात लावला, 'पास' म्हणाले. मी म्हटलं, "भाऊजी, पायाला हात लावा." मुन्नेभाईंना वाटलं साहेबांचा अपमान होतोय, म्हणून ते मधे पडले, "नहीं नहीं भाभीजी, साहब की घोड़ी है. हमें पूरा भरोसा है."

भरोसा हा शब्द ऐकला आणि भाऊजींचा चेहरा बदलला. "भरोसा?" ते मुन्नेभाईंना म्हणाले. "मुझ पर? क्यों?"

सायली टोपाचा पट्टा आवळत होती, तिच्याकडे भाऊजींनी एकदा बघितलं. मग मैनेच्या पायाला हात लावून तो आपल्या कपाळाला लावला, पाय लागला की लावतो तसा, आणि खाली वाकले. हाताची पाठ उजव्या पायावरून उतरली. डाव्यावरून उतरली. परत उजव्यावर आली आणि तिथेच थांबली.

"गरम आहे."

"आजोबा, थोडी तो होगी ना," सायली म्हणाली. "घरून चालत आलीय ती."

"चालली चारी पायांनी. गरम एकच आहे. खोगीर उतरव."

सायलीने खोगीर उतरवलं. नूरी पहिल्याच अडथळ्यापाशी खरोखर उभी राहिली, मुन्नेभाईंनी खरोखर तोंडाने बँड वाजवला, आणि मग ती जी गेली ती सगळ्यांना मागे टाकून. सगळं मैदान हसत होतं, आम्ही तिघं सोडून. संध्याकाळी जनावरांचे डॉक्टर आले. पायाची शीर सुजली होती, एका उडीत तुटली असती, असं म्हणाले. सायलीने ऐकलं आणि आत निघून गेली. पुण्याला जाताना आजोबांच्या पाया पडली, पण तोंडातून शब्द नाही.

पुढच्या दसऱ्याला भाऊजींनी मैनेला हळदकुंकू लावलं, आरती केली, आणि मग बाही वर करून तिचे चारी पाय तपासले. "आधी पूजा, मग परीक्षा," मला म्हणाले. "दोन्ही चालतं. वडिलांना कोणी तसं विचारलं नव्हतं, एवढंच."

गेल्या थंडीत भाऊजी गेले. शेवटच्या दिवसांत ताप उतरेना. सायली पुण्याहून आली आणि उशाशी बसून राहिली. मी कपाळाला हात लावून म्हटलं, "काही नाही भाऊजी, गार आहे." त्यांनी डोळेही उघडले नाहीत. "तळहाताने बघितलंत वहिनी. तुम्हाला परीक्षक नेमणार नाही."

तेव्हा सायलीने आपला हात उलटा केला आणि पाठ त्यांच्या कपाळावर ठेवली. बराच वेळ ठेवली.

"काय?" त्यांनी विचारलं.

"गरम है, आजोबा. खूप गरम."

भाऊजींच्या चेहऱ्यावर असं समाधान मी कुठल्याच घोडीपुढे बघितलेलं नव्हतं.

"पास," ते म्हणाले.