आता तुम्ही सांगा, काय कळलं?

बातमी आली तेव्हा मी चंदीगडबाहेर झिरकपूरच्या ट्रॅफिकमध्ये अडकले होते. शैलाताईंच्या मुलीचा फोन. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र हिंदीत. "मौसी, मम्मी नहीं रहीं," ती म्हणाली. मी "बरं, येते" म्हटलं आणि समोरच्या बसवर उगाच हॉर्न वाजवत बसले. त्याला आता काही आठवडे झाले, पण अजून मला एका जागी बसवत नाही. पुस्तक उघडते, मिटते, चहा गॅसवर ठेवून विसरते. ताईंच्या सेक्टरच्या चौकात आले की गाडी आपोआप त्यांच्या ऑफिसकडे वळते…

ताई अमरावतीच्या. यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत, बदलीवर चंदीगडला आले. पुढच्या बदलीला ते एकटे गेले आणि ताई वकिलीपायी इथेच राहिल्या. मीही वकील, साताऱ्याची, नवऱ्याच्या मोहालीतल्या नोकरीमुळे इथे आलेली. मराठी बोलायला मिळेल या आशेनं मी त्यांच्या हाताखाली काम धरलं, हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. त्यांची एक सवय सुरुवातीला अगदी माझ्या डोक्यात जायची. कोणालाही काही समजावून सांगितलं की त्या चष्मा काढून विचारायच्या, "आता तुम्ही सांगा, काय कळलं?" पक्षकार, कारकून, भाजीवाला, कोणाचीच सुटका नव्हती. समोरच्यानं नीट सांगितलं की "बरोबर" म्हणायच्या आणि चष्मा पुन्हा चढवायच्या.

या सवयीची किंमत मला पिंजौरच्या प्रकरणात कळली. आमचा पक्षकार नळाच्या तोट्यांचे साचे बनवायचा. त्याचा भागीदार फुटला आणि साचे उचलून त्यानं पिंजौरजवळ स्वतःचा कारखाना काढला. साचे हातचे गेले असते तर आमच्या माणसाचा धंदा कायमचा बसला असता. भागीदाराला सुगावा लागू न देता कोर्टानं हुकूम दिला: कारखान्यातलं काहीही विकायचं नाही, हलवायचं नाही आणि कोर्टानं नेमलेल्या कमिशनरना झडती घेऊ द्यायची. आम्ही कमिशनरबरोबर पोचलो तेव्हा भागीदार स्वतःच गेटवर आला. त्याच्या हातात इंग्रजी कागद कोंबून तडक आत शिरावं, असं मला झालं होतं. ताई मात्र कमिशनरना विचारून तो हुकूम सावकाश हिंदीत सांगत बसल्या, आणि वर त्यांचा तो प्रश्न. भागीदार वैतागून म्हणाला, "समझ गया जी. कुछ बेचना-हिलाना नहीं है, और आपको तलाशी लेने देनी है." ताई "बरोबर" म्हणाल्या आणि त्यांनी कमिशनरना ते वाक्य जसंच्या तसं लिहून घ्यायची विनंती केली. मग तो किल्ली आणतो म्हणून आत गेला तो गेलाच. गेट उघडेपर्यंत साचे मागच्या दारानं टेम्पोतून पसार झाले होते.

परतीच्या वाटेवर मी ताईंवर बरसले. तुमच्या त्या शिकवणीत वेळ गेला, नाहीतर साचे जागेवर सापडले असते, असं बरंच काही बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"काहून चिडून राहिली तू?" त्या म्हणाल्या. "सामान वापस येते. पण त्याला माहीत होतं, हे उद्या कुठून आणशील?"

मला वाटत होतं, कोर्टाचा अवमान तर उघड्या डोळ्यांना दिसतो आहे. पण हुकूम ठाऊक असून तो जाणूनबुजून मोडला, हे संशयाला जागा न ठेवता सिद्ध करावं लागतं, आणि भागीदारानं नेमकं तेच धरलं. कागद इंग्रजीत होता, माझं शिक्षण कमी, मला काही समजलंच नाही, असं तो कोर्टात हात जोडून सांगू लागला. मग कमिशनरच्या अहवालातलं त्याचंच वाक्य वाचलं गेलं आणि त्याची मान खाली गेली. तुरुंग समोर दिसल्यावर साचे परत आले. आमचा पक्षकार आवारातच रडला. मी पेढे आणायला निघाले होते, तर ताई व्हरांड्यात येरझारा घालत होत्या.

"माणसाला सारं कळलेलं असते गं," त्या म्हणाल्या. "कबूल करायचं नसते, बस."

या वर्षी डॉक्टरांनी त्यांचे रिपोर्ट समोर ठेवले तेव्हा सोबत मीच होते. डॉक्टर स्पष्ट बोलले, काहीच आडपडदा ठेवला नाही. बाहेर आल्यावर ताईंनी बाकावर बसून चष्मा काढला. "आता तू सांग, काय कळलं?" मी नव्या औषधांबद्दल बोलले, दिल्लीला दाखवू म्हटलं, मुल्लानपूरच्या नव्या कॅन्सर हॉस्पिटलची चौकशी करते म्हटलं… त्या हसल्या. "पिंजौरचा तो बरा होता की. एकदा तरी सरळ बोलला." मला त्यांचा संताप आला. पुढे भेटायला गेले की मी कोर्टातल्या गमती सांगायचे, त्याही ऐकायच्या. तो प्रश्न त्यांनी मला पुन्हा विचारला नाही.

त्यांची मुलगी ऑफिस रिकामं करायचं म्हणते आहे. मी रोज नवी सबब सांगते. काल तिचा पुन्हा फोन आला आणि मी किल्ली घेऊन एकटीच गेले. टेबल तसंच, त्यावर चष्मा. मी पक्षकाराच्या खुर्चीत बसले, उठले, खिडकी उघडली, पुन्हा येऊन बसले. मग त्यांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत मोठ्यानं म्हणाले, "तुम्ही गेलात, ताई. आता परत येणार नाही."

आणि किती तरी वेळ तशीच थांबले. त्यांचं "बरोबर" यायचं राहिलं होतं.