अक्काचं उलथणं

दोन हजार पंचवीस साल सरत आलं होतं आणि मला एकाहत्तरावं चालू होतं. पौषातली सकाळ. विहिरीच्या काठावर उघड्या अंगानं गार पाणी डोक्यावर ओतून घेत होतो, तेवढ्यात सून बांधावरून पळत आली. "मामा, अक्काआत्या गेल्या. उन्हाला बसल्या होत्या, बसल्या जागी कलंडल्या." हातातली बादली विहिरीत गेली ती गेलीच. पहिल्यांदा मनात काय आलं ते खरं सांगतो. वाटलं, ही बाई मेली तरी मला गार पाण्यानं आंघोळ करू देणार नाही…

अक्का माझी सख्खी थोरली बहीण. आमचं गाव देवणीपासून थोडं आत. मी शाळा तिसरीत सोडली, तिनं शाळा पाहिलीच नाही. पण हिवाळ्यात आमच्या घरात कायदा तिचा. दिवाळी सरली की कान बांधल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, पाणी कोमट, बंद खोलीत शेगडी ठेवायची नाही, खोकला आला तर तोंडाला फडकं लावायचं आणि लेकरांपासून लांब बसायचं, उन्हं आली की सगळ्यांनी अंगणात. ऐकलं नाही तर पाठीत उलथणं. भाकरी उलटायचं, लोखंडी, हातभर लांब. शेजारचा म्हातारा एकदा आमच्या ओट्यावर येऊन माझ्या नातवाच्या तोंडावर खोकला, तर तिनं त्याच्या नडगीवर असं हाणलं की तो संक्रांतीपर्यंत लंगडत होता. त्याची बायको भांडायला आली. अक्का म्हणाली, "नडगी जुळंल. लेकराची छाती भरली तर तू मोकळी करून देणार हायस का?"

ते उलथणं तिच्या सासरचं. तिला देगलूरकडं दिली होती. पहिला मुलगा झाला आणि त्याच थंडीत त्याला डबा झाला. तान्ह्या लेकराची छाती भरली, पोट उडायला लागलं, की आमच्याकडं त्याला डबा म्हणतात, आणि पोटावर तापल्या लोखंडाचा डाग देतात. देत होते म्हणा… अजूनही कुठं कुठं देतात. सासूनं बायकांकडून अक्काचे हात धरवले आणि ह्याच उलथण्यानं लेकराला डागलं. दुसरा दिवस उजाडायच्या आत ते गेलं. त्याला माती देऊन घरी आल्यावर अक्कानं तेच उलथणं उचललं. सासूचा हात मनगटात मोडला, चूल फोडली, मडकी फोडली, नवरा आडवा आला तर त्याचं डोकं फोडलं, आणि एसटीत बसून माहेरी आली. पदराखाली उलथणं. बापानं विचारलं, "हे काय आणलंस?" ती म्हणाली, "माझा वाटा." त्यानंतर त्या लेकराचं नाव कुणी तिच्या तोंडून ऐकलं नाही.

आता माझं सांगतो. माझ्याही पोटावर असाच डाग आहे, तान्हेपणी दिलेला. मी वाचलो, कुस्त्या मारल्या, बैलाला शिंगाला धरून लोळवलं. म्हणून माझा डागावर भरवसा. तीन हिवाळ्यांमागं मला ताप भरला, खोकला थांबेना, श्वास पुरेना. मुलगा दवाखान्याला चला म्हणायला लागला. मी उठलो, चुलीपाशी गेलो, उलथणं निखाऱ्यात खुपसलं आणि कुडतं वर करून बसलो. अक्का आत आली.

"काय करायलास?"

"डाग घ्यायलोय. सरक."

"दवाखान्याला चल."

"सुया टोचून घ्यायला मी काय बैल हाय?"

तिनं लाल झालेलं उलथणं ओढून काढलं आणि माझ्या छातीशी धरलं. "घेतोस का? घे." छातीवरचे केस जळाल्याचा वास आला. मी मागं सरलो नाही. तीही सरली नाही. "तुला डागलं आन् तू वाचलास. माझ्या लेकराचं कातडं ह्याला चिटकून आलं होतं. तेवढंच घेऊन आले मी माहेरी." असं म्हणून तिनं ते दाराच्या चौकटीवर असं आपटलं की लाकडातनं धूर निघाला. मग माझ्या कानफाडात दिली. मी खाली पडलो. तिनं दावं आणून मला घोंगड्यासकट बांधलं आणि मुलाच्या मदतीनं जीपमध्ये टाकलं. उदगीरपर्यंत मी शिव्या दिल्या. तिच्या मनगटाला कडकडून चावलो, रक्त आलं, तरी तिनं हात काढला नाही. दुसऱ्या हातानं माझं डोकं उंच धरून बसली होती… मला श्वास घेता यावा म्हणून.

डॉक्टर म्हणाला, निमोनिया आहे, अजून एक रात्र काढली असती तर वाचले नसते. मी बरा झालो तेव्हा तो मला बजावायला लागला, दरवर्षी थंडीच्या आधी छातीसाठी एक सुई घ्या. अक्का म्हणाली, "त्याला काय सांगायलाव, त्याला ऐकू येत न्हाई. मला सांगा."

सुई मी घेतली नाही. अंगात जीव आला तसा पुन्हा विहिरीवर. ती माझी बादली उकिरड्यावर फेकायची, मी उचलून आणायचो. ह्या दिवाळीलाही देवणीच्या डॉक्टरकडं चल म्हणून तिनं उलथणं उगारलं. मी ते धरलं, तिनं हिसडा दिला, दोघंही अंगणात पडलो. पडल्या पडल्या म्हणाली, "मी मेल्यावर तुला कोण मारंल रे?" मी म्हणलं, "सुखानं जगंन मी."

तिला अग्नी मीच दिला. तिचे हात लाकडांवर ठेवताना मनगटावर माझ्या दातांचे वण दिसले. कुणाला दाखवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उठलो. सुतकात घरातली चूल बंद होती, म्हणून अंगणात तीन दगड मांडून जाळ केला. तिच्या उलथण्यानं निखारे सारले, पाणी तापवलं, कोमट पाण्यानं आंघोळ केली. कान बांधले. बाहेर पडताना चौकटीवरच्या काळ्या खुणेवर हात ठेवला, आणि एसटीनं देवणीला गेलो. दवाखान्यातली बाई सुई भरता भरता म्हणाली, "बाबा, इतकी वर्षं का आला नाहीत?"

"आजवर घरात मारणारं माणूस होतं," मी म्हणलं, आणि बाही वर केली.