एका ताटातलं निदान

हुसेनमियाँनी होणाऱ्या जावयाला माझ्यासमोर स्टुलावर बसवलं आणि सरळच विचारलं, “डॉक्टरसाब, ह्याला महारोग हाय काय? असंल तर आत्ताच सांगा. आठवड्यावर लगीन हाय.”

दिघीच्या दवाखान्यात मी नवा होतो. हुसेनमियाँ नारळाचे व्यापारी. जावई लतीफ खाडीतल्या लाँचवर इंजिनाला तेल घालायचा. त्याचा चेहरा, पाठ, दंड गाठींनी भरले होते. काही पिकलेल्या, काही फुटलेल्या. गावात कुजबुज होतीच. बिचारा स्वतःच घरात वेगळं जेवू लागला होता.

मी सुईच्या टोकानं गाठी आणि आजूबाजूची कातडी हलकेच तपासली. तो दर वेळी कळवळला. मला हायसं वाटलं.

“दुखतंय ना? मग उत्तम,” मी म्हणालो. दोघं माझ्याकडे बघतच राहिले.

महारोगाचा चट्टा बहुधा बधिर असतो, टोचलेलं कळत नाही. हे मुरूमच होते, पण फार वाईट जातीचे. कातडीत तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. त्यांची तोंडं बुजली की आत साठतं, पिकतं आणि खोल गाठ होते. वय तरुण, त्यात इंजिनरूमची उष्णता आणि तेलानं भिजलेले कपडे. वर आई मायेनं रोज खोबरेल चोळत होती. मी खोबरेल बंद केलं, इंजिनाचं काम सोडायला लावलं आणि साबण, धुतलेले कपडे, गंधकाचं मलम सांगितलं. व्रण राहतील, हेही लपवलं नाही.

हुसेनमियाँना पटलं. भावकीला नाही. कालच्या पोराचं काय ऐकायचं, असा त्यांचा सूर होता.

लग्नाला मलाही बोलावणं होतं. त्यांच्याकडे एका मोठ्या ताटाभोवती पाचसहा जण बसून जेवतात. नवरदेवाच्या ताटाशी कोणी बसेना. लतीफ मान खाली घालून बसला होता.

हुसेनमियाँ वाढत होते. त्यांनी हातातलं भांडं खाली ठेवलं, लतीफशेजारी मांडी घातली आणि त्याच्या पुढ्यातलाच भात उचलून खाल्ला. मग थोरल्या भावाला म्हणाले, “बसा भाईजान, भात निवतोय.”

भाईजान बसले. मग जागा पुरेना.

लतीफच्या गाठी बसायला वर्ष गेलं. भावकी मात्र पुढच्याच आठवड्यात दवाखान्यात हजर झाली, आपापली दुखणी घेऊन. हुसेनमियाँचे उपकार मी कधी विसरलो नाही. निदान मी केलं होतं. पण त्यावर विश्वास टाकून कोणीतरी आधी जेवायला बसावं लागतं, हे आमच्या पुस्तकात नव्हतं.