जप्त केलेल्या गोळ्या

ते प्रकरण मी आजवर कुणाला पूर्ण सांगितलेलं नाही. तेव्हा मी छत्तीसगडमधल्या भिलाईत थाना प्रभारी, म्हणजे पोलीस ठाण्याचा प्रमुख होतो. तिथल्या वैशाली नगरचा, पोलाद कारखान्यातला एक निवृत्त कामगार तक्रार घेऊन आला. हृदयात स्टेंट बसवलेला. मूळचा भंडाऱ्याकडचा, म्हणून माझ्याशी मराठीत बोलला. डॉक्टरांनी लिहिलेली कोलेस्टेरॉलची गोळी सोडून औषधांच्या दुकानदाराने वेगळ्याच नावाची, बरीच स्वस्त गोळी दिली होती.

"साहेब, नकली तं नाही ना खाऊन राहिलो मी?"

त्याच आठवड्यात एका खबऱ्यानेही त्याच दुकानाचं नाव दिलं होतं. मी मनातल्या मनात निकाल देऊन टाकला. पंचनामा करून दुकानातला साठा जप्त केला. म्हाताऱ्याच्या घरातल्या महिनाभराच्या गोळ्याही मुद्देमाल म्हणून उचलल्या, लाखेचं सील लावलं.

"रिपोर्ट येईपर्यंत या औषधाची एकही गोळी खायची नाही," मी बजावलं. डॉक्टरांना विचारा, एवढं सांगायचं मात्र सुचलं नाही.

दुकानदाराला दिवसभर बाकावर बसवून ठेवलं. तो एकच सांगत होता: औषध तेच आहे, मात्राही तीच, फक्त कंपनी वेगळी, बिलं पाहा, ड्रग इन्स्पेक्टरला बोलवा. मी विचारलं, तेच आहे तर स्वस्त कसं? जाहिरातीचा खर्च नसतो, तो म्हणाला. मी हसलो. सराईत माणूस आधी कागद पुढे करतो, असा माझा अनुभव होता.

काही आठवड्यांनी प्रयोगशाळेचा अहवाल आला. औषध अस्सल, मात्रा बरोबर. खबऱ्याला बोलावून खोदून विचारलं, तेव्हा तो समोरच्याच दुसऱ्या औषध दुकानदाराचा मेहुणा निघाला.

अहवाल घेऊन मी स्वतः म्हाताऱ्याकडे गेलो. दार बायकोने उघडलं. नऊ दिवसांपूर्वी झटका येऊन तो गेला होता.

"म्या म्हटलं, डॉक्टरले विचारा," ती शांतपणे म्हणाली. "तं म्हणे, पोलिसानं नाही म्हटलं हाये. एकबी गोळी नाही खाल्ली त्यायनं."

नंतर डॉक्टरांनी सांगितलं, झटका त्यामुळेच आला असं ठाम म्हणता येत नाही. पण स्टेंटच्या रुग्णाने ही गोळी परस्पर बंद करायची नसते.

केस डायरीत मी दुकानदार निर्दोष असल्याचं लिहिलं. माझी ताकीद लिहिली नाही. संशय घेणं आमचं काम आहे. पण वर्दीतला माणूस बोलला की लोक डॉक्टरांनाही विचारत नाहीत, हे मला निवृत्ती जवळ आल्यावर कळलं.

त्या दिवशी अहवाल खिशातच राहिला. गोळ्या चांगल्या होत्या, हे मी त्या बाईंना अजून सांगितलेलं नाही.