थोरल्याचा रेडिएटर

वहिनीने पिकअप गॅरेजसमोर उभी केली तेव्हा मिस्त्रीने आधी खाली पाहिलं. रेडिएटरमधून पाणी गळतच होतं. अकरा वर्षं तो हे थेंब रोज सकाळी बघत आला होता. थोरला भाऊ ही गाडी घेऊन मान न वळवता समोरून जायचा, मागे रस्त्यावर ओली रेघ उरायची.

भांडण ह्या रेडिएटरवरूनच झालं होतं. "दादा, गळक्या भोकांना डाग देऊन देऊन किती दिवस ओढणार? सोड की चिक्कूपणा!" मिस्त्री चार गिऱ्हाइकांदेखत बोलून गेला. थोरला गाडी घेऊन निघून गेला. मग दोघेही हट्टाला पेटले. महिन्यापूर्वी थोरला वारला आणि हट्ट एकट्या मिस्त्रीच्या गळ्यात पडला.

"भाऊजी, नवा बसवा," वहिनी म्हणाली. "मला रोज रोपं पोचवायची असतात. मला काही डाग देता येत नाही."

पन्नास वर्षांची गाडी. त्याने पाणी काढलं, होजच्या नळ्या सोडवल्या, चार बोल्ट खोलून रेडिएटर उचलला आणि हाताच्या सवयीने भंगारात टाकला. दुपारी भंगारवाला ढीग घेऊन गेला.

नवा ठेवला तर बोल्टची भोकं जुळेनात. अर्धा इंच खाली. भोकं मोठी करणं म्हणजे आळशाचं काम, ते त्याने जन्मात केलं नव्हतं. जुन्याच्या खाली काय होतं? त्याने पाहिलंच नव्हतं.

संध्याकाळी वहिनी आली. "जुना कुठे ठेवलात? घरी नेते. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी त्यावर डाग दिला ह्यांनी."

मिस्त्री तसाच भंगारवाल्याकडे पळत सुटला.

"उशीर केलात, मिस्त्री!" भंगारवाला हसला. "तांबं कापून केव्हाच रवाना. खाली चिकटलेलं हे रबर उरलंय. न्या, फुकट!"

थोरल्याच्या जुन्या चपलेतून कापलेले दोन जाड तुकडे. एकावर पायाच्या अंगठ्याने पडलेला खड्डा.

गॅरेजवर परत येऊन त्याने ते वहिनीच्या हातात दिले. "रेडिएटर गेला, वहिनी. चूक माझी. एवढंच उरलं."

तिने खड्ड्यावरून बोट फिरवलं. मग तुकडे परत दिले. "बसवा. गाडीतच राहू देत."

तुकडे नव्या रेडिएटरखाली ठेवले आणि भोकं समोरासमोर आली. बोल्ट नुसत्या बोटांनी आत गेले. वीस मिनिटं इंजिन चालवलं. तापमानाचा काटा मध्यावरून हलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी रोपं घेऊन समोरून गेली. हॉर्न दिला. मिस्त्री बाहेर आला, वाकून पाहिलं.

रस्ता कोरडा होता.