रत्नपालनं ऐकवलेली गाणी

गोंदियाजवळच्या फुलचूरचा रत्नपाल विजेच्या तारा ओढणाऱ्या ठेकेदाराकडे कामाला होता. दोन हजार एकच्या उन्हाळ्यात खांबावरून त्याचा पाय घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. नागपूरला ऑपरेशन झालं, पायात सळई बसली आणि डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं. ऐन विशीतला पोरगा. दिवसभर छताकडे पाहत राही आणि आईवर, कुसुमबाईवर, चिडे.

त्याचा शाळेतला दोस्त टिकेश दवनीवाड्याचा. तो तेव्हा पुण्यात इंजिनियरिंग शिकत होता. अपघाताचं कळलं, पण परीक्षा तोंडावर. मग त्यानं महाराष्ट्र एक्सप्रेसनं गोंदियाला येणाऱ्या एका ओळखीच्या हाती कॅसेट पाठवली. तिच्यात इंग्रजी रॉकची गाणी होती आणि प्रत्येक गाण्याआधी टिकेश स्वतः बोलला होता.

"रत्न्या, मी नापास झालो होतो तवा हे गाणं मले भेटलं. शब्द नाई समजले तरी चालते. मधात गिटार एकटीच वाजते, तवा डोळे मिटजो."

पुढच्या गाण्याआधी तो म्हणाला होता, "याले पॉवर पॉप म्हणतेत. गिटारी दणक्यात, पण चाल गोड. दुसऱ्या खेपेला तूच गुणगुणशील, पाहजो."

रत्नपालला पहिल्यांदा नुसता गोंगाट वाटला. कुसुमबाई चुलीपाशी बसून म्हणाली, "हा माणूस कायले ओरडून राहिला? त्याचाबी पाय मोडला का?"

अपघातानंतर रत्नपाल तेव्हा पहिल्यांदा हसला. त्यानं कॅसेट मागं फिरवली आणि गिटार आल्यावर खरंच डोळे मिटले. पुढे गुडघा वाकवायचा व्यायाम सुरू झाला. दुखायचं फार, पण गाणं संपेपर्यंत थांबायचं नाही, असं त्यानं ठरवून टाकलं. टिकेशच्या कॅसेटी येत राहिल्या.

पाय बरा झाला, तरी लंगडणं राहिलं. खांबावर चढणं आता शक्य नव्हतं. काही वर्षांनी रत्नपालनं मोबाइल दुरुस्ती शिकून रस्त्याच्या कडेला छोटं दुकान टाकलं. लोक मेमरी कार्डात गाणी भरून घ्यायला यायचे. कोणाला हिंदी, कोणाला भीमगीतं. ती भरून झाली की तो विचारायचा, "एक माझ्या पसंतीचं टाकू का?" आणि माणूस पाहून टिकेशच्या इंग्रजी गाण्यांतलं एक निवडायचा. सायकलनं लांबून येणाऱ्याला म्हणायचा, "याची चाल पायडलले बरी आहे, ऐकून पहा." बहुतेक जण ते गाणं पुसून टाकत. काही भांडायलाही येत. रत्नपाल मनावर घेत नसे. आपल्याला तरी पहिल्या दिवशी कुठं आवडलं होतं?

एकदा नवेगाव बांधचे केवलराम आले. लग्नाच्या वरातीत वाजवणारी त्यांची धुमाल पार्टी होती आणि ढोल ते स्वतः वाजवत. त्यांच्या कार्डात आपल्या पसंतीचं गाणं टाकून रत्नपाल म्हणाला, "काका, गाणाऱ्याले जाऊ द्या. फक्त ड्रमवाल्याकडे कान ठेवा."

पुढच्या बाजाराच्या दिवशी केवलराम परत आले. "हा बुवा मधातच थांबते, अन् मंग सगळे एकदम येतेत. आमी ते बसवून राहिलो. ये पाहाले."

नवेगावच्या वरातीत रत्नपाल गेला. वाजवता वाजवता पार्टी अचानक थांबली. नाचणाऱ्यांचे हात हवेत तसेच राहिले. कोणी तरी म्हणालं, "का झालं?" आणि त्याच क्षणी ढोल, ताशा, कीबोर्ड एकदम कोसळले. साऱ्या रस्त्यानं शिट्ट्या मारल्या. रत्नपालचे डोळे भरून आले. त्यानं तिथूनच टिकेशला फोन लावला, पण त्या दणदणाटात काही बोलता येईना. नुसताच फोन वर धरून उभा राहिला.

वरात मांडवाशी पोचल्यावर तो केवलरामांना म्हणाला, "काका, तुमचे लय उपकार झाले."

"उपकार कायचे? तुवा ऐकवलं, आमी वाजवलं," केवलराम घाम पुसत म्हणाले. "आता बस इथं. आमच्या बापाच्या वक्ताची, गावच्या दंडारीच्या नाच-नाटकातली चाल आहे, कोणी ऐकत नाई आता. तुले आवडन असं वाटते."

त्यांनी ढोल पुढे ओढला. रत्नपाल दुखरा पाय लांब करून मांडवाच्या खांबाला टेकून बसला.